माडी कां तापते?

गेल्या फाल्गुनांत एकाच आठवड्यांत आमच्याकडे दोन तक्रारी आल्या. पहिली आमच्या दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याची. तो म्हणाला, "सर, परीक्षा तोंडावर आली आहे. खालीं माजघरांत आजी अंथरुणावर आहे. माणसांची ये-जा असते. तेथें अभ्यास होत नाहीं. माडीवर एकांत आहे, पण दुपारपासून रात्रीं दहापर्यंत तेथें बसवत नाहीं. बाबा म्हणतात, आजीची खाट वर नेऊं आणि तूं खालीं बस. नाहींतर कर्ज काढून हवा गार करण्याचें यंत्र आणूं. काय करावें?"

दुसरी तक्रार पत्रानें आली. आमचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त कॅनडांत राहतो. त्यानें लिहिलें होतें, "येथें अजून बर्फ आहे. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर शाल पांघरून बसावें लागतें आणि वरच्या निजण्याच्या खोल्यांत पांघरूण नकोसें होतें. एकाच घरांत दोन ऋतु नांदत आहेत. यावर उपाय सुचवावा."

दोघांचीही तक्रार एकच: वरचा मजला तापतो, खालचा थंड राहतो. दोघांनींही कारण म्हणून एकच वाक्य सांगितलें: "उष्ण हवा हलकी होऊन वर चढते." हें वाक्य आम्हींच त्यांस शिकविलें असल्यामुळें आम्हांस आनंद व्हावयास हवा होता. परंतु विचार करतां असें दिसून आलें कीं, एका घराला तें वाक्य बरोबर लागू पडतें व दुसऱ्याला जवळजवळ पडत नाहीं. हिंवतापानेंही अंग तापतें आणि पिकलेल्या गळवानेंही तापतें; म्हणून वैद्य दोघांस एकच मात्रा देत नाहीं. घराच्या तापाचेंही तसेंच आहे. आधीं निदान, मागून औषध. हें निदान कसें करावें, तें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम तें वाक्यच तपासून पाहूं. समुद्रसपाटीजवळ २० अंश सेंटिग्रेड उष्णतामानाच्या एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १२०० ग्रॅम भरतें. तीच हवा ४० अंशांपर्यंत तापली म्हणजे ती फुगते, आणि तेवढ्याच जागेंत मावणाऱ्या हवेचें वजन सुमारें ११३० ग्रॅम राहतें. उष्ण हवा आपल्या हौसेनें वर जाते असें नव्हे. भोंवतालची थंड व जड हवा खालून शिरून तिला वर लोटते, जसें पाणी लाकडाला वर उचलतें. हें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर थंडीच्या रात्रीं चूल किंवा शेगडी पेटलेल्या स्वयंपाकघराचें दार किलकिलें करून तेथें उदबत्ती धरावी. उंबऱ्याजवळ तिचा धूर स्वयंपाकघरांत ओढला जातो आणि चौकटीच्या माथ्याशीं तोच धूर बाहेर पडतो. थंड हवा खालून आंत, उष्ण हवा वरून बाहेर, असा हा अखंड प्रवास आहे.

आतां आमच्या माजी विद्यार्थ्याच्या घराकडे वळूं. त्या देशांत हिंवाळ्यांत बाहेरचें उष्णतामान शून्याच्या खालीं वीस अंशांपर्यंतही उतरतें. म्हणून पुष्कळ घरांच्या तळघरांत एक भट्टी असते. तेथें तापलेली हवा पंख्याच्या जोरानें पत्र्याच्या नळांतून खोलीखोलींत जाते, व नळाच्या तोंडाशीं जाळी आणि झडप असते. उष्णतेचा उगम खालीं, थंडी बाहेर, आणि मध्यें उघडा जिना! खालच्या मजल्यांत सोडलेली उष्ण हवा जिन्यानें वर जाते, वरच्या छताच्या फटींतून बाहेर निसटते, आणि तिची जागा भरून काढण्यासाठीं खालच्या दारांच्या व खिडक्यांच्या फटींतून बर्फासारखी हवा आंत ओढली जाते. सगळें घर म्हणजे एक धुराडेंच बनतें. त्यांत भर म्हणून उष्णतेचें नियमन करणारें यंत्र बहुधा खालच्या मजल्यावर असतें. त्याला आपल्या भोंवतीं थंडीच दिसते, म्हणून तें भट्टी चालूच ठेवतें आणि वरचीं माणसें उकडून निघतात.

येथें "उष्ण हवा वर चढते" हेंच निदान बरोबर आहे, आणि त्यावरूनच उपाय निघतात. पहिला उपाय म्हणजे धुराड्याचें वरचें तोंड बंद करणें. माळ्यावर जाण्याच्या झांकणाच्या कडा, दिव्यांच्या तारांसाठीं पाडलेलीं छिद्रें, छताच्या सांध्यांतील फटी, या बुजवाव्यात. मग खालच्या फटी बुजवाव्यात. दुसरा उपाय, माळ्यावर लोकरीसारख्या पोकळ द्रव्याचा जाड थर अंथरणें. तिसरा, वरच्या खोल्यांच्या झडपा थोड्या मिटणें व खालच्या पूर्ण उघडणें. मात्र एकाच वेळीं पुष्कळ झडपा अगदीं बंद करूं नयेत, कारण पंख्याची हवा कोंडते व भट्टीवर ताण पडतो. झडप बोटभर फिरवावी, एक दिवस वाट पाहावी, उष्णतामान लिहून ठेवावें, मग पुन्हा बोटभर फिरवावी. हवा गाळणारी जाळी धुळीनें भरली असेल तर ती आधीं बदलावी. दूरच्या खोलींपर्यंत हवा न पोंचण्याचें तें एक साधें कारण असूं शकतें.

लोकरीचा थर उष्णतेला कां अडवितो, हें जाणण्यासारखें आहे. काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) या शास्त्रज्ञानें कपडे, लोकर, पिसें यांवर पुष्कळ प्रयोग केले व त्याबद्दल त्यास १७९२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीचें कॉप्ले पदक मिळालें. लोकरीचे तंतु उष्णता अडवितात त्याहूनही अधिक त्या तंतूंमध्यें अडकून स्थिर झालेली हवा ती अडविते. हवा मोकळी असली तर ती उष्णता वाहून नेते. तीच कोंडून स्थिर केली तर ती उष्णतेच्या वाटेंत भिंतीसारखी उभी राहते. गोधडीच्या एका जाड थराहून पातळ चार थर अधिक ऊब देतात, तेंही याच कारणानें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें आपल्या घरासाठीं ती उपयोगीं पडणार आहे.

आतां आपल्या दहावीच्या विद्यार्थ्याच्या घरीं येऊं. त्याचें घर दख्खनच्या पठारावरील एका गांवीं आहे. खालीं जुन्या दगडी भिंती आणि वर अलीकडे बांधलेली स्लॅबची माडी. आम्हीं त्यास विचारलें, "उष्ण हवा खालून वर येते म्हणतोस, तर मग खालीं ती तापते कशानें? तुमच्या माजघरांत भट्टी आहे का?" तो हसून म्हणाला, "नाहीं सर, माजघर तर गार असतें." मग जें खालीं नाहींच, तें वर चढेल कोठून? गार माजघरांतून माडीला उष्णता मिळणें शक्य नाहीं. तेव्हां उष्णतेचा उगम दुसरीकडे शोधला पाहिजे; आणि तो शोधावयाचा तर मान वर करावी लागते.

सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळें वर्षांतून दोन दिवस मध्यान्हीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो व उभ्या काठीची सांवली नाहींशी होते. पुण्यास हे दिवस मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास व जुलैच्या अखेरीस येतात. जुलैंत बहुधा ढग असतात. मेमध्यें आकाश निरभ्र असतें. अशा दिवशीं दुपारीं बारा वाजतां घराच्या उभ्या भिंतींना थेट ऊन जवळजवळ लागतच नाहीं. सगळा मारा छपरावर होतो. निरभ्र मध्यान्हीं एक चौरस मीटर सपाट जागेवर पडणारी सूर्याची शक्ति सुमारें एक हजार वॉट असते. साध्या विजेच्या इस्त्रीला साधारण तेवढीच वीज लागते. चार मीटर रुंद व पांच मीटर लांब अशा खोलीच्या छपरावर म्हणजे अशा वीस इस्त्र्या उलट्या करून ठेविल्यासारखें होतें! त्यांतली किती उष्णता आंत येऊं द्यावयाची, हें छपरावर अवलंबून आहे. खालच्या मजल्याला मात्र माडी हीच छत्री झालेली असते. माजघर गार राहतें तें स्वतःच्या पुण्याईनें नव्हे. माडीनें त्याचा ताप आपल्या अंगावर घेतलेला असतो.

छपराछपरांचे स्वभाव निरनिराळे आहेत. पत्रा पातळ असतो. ऊन पडतांच तो तापतो व सूर्य मावळतांच लवकर निवतो. सिमेंट-काँक्रीटची चार-पांच इंच जाडीची स्लॅब सावकाश तापते. दुपारचें ऊन तिच्या खालच्या अंगाला पोंचावयास कांहीं तास लागतात, म्हणून सूर्य मावळल्यावरच तिचा खरा ताप खोलींत उतरूं लागतो. आपल्या वाडवडिलांचें माळवद याहून निराळें. कडीपाटावर काटक्या व त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्यांतून दिवसाचें ऊन खालीं येईपर्यंत रात्र होते, आणि बरेंचसें तर येतच नाहीं. कोंकणांत व घाटमाथ्यावर पाऊस फार, तेथें कौलेंच हवींत. आज घरोघर दिसणारीं मंगळुरी कौलें हा मिशनऱ्यांच्या उद्योगाचाच एक वारसा आहे. बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनीं १८६५ सालीं मंगळूर येथें त्यांचा कारखाना काढला. कौलांच्या सांध्यांतून हवा खेळते, आणि त्यांच्याखालीं लांकडी तक्तपोशी ठोकली तर मधल्या पोकळींतली तापलेली हवा त्या सांध्यांतूनच निघून जाते.

छपरापासून खालीं माणसापर्यंत उष्णता येते कशी, हाही प्रश्न आहे. "उष्ण हवा वर चढते" या वाक्याप्रमाणें छताजवळची तापलेली हवा वरच राहावयास हवी, आणि ती राहतेही. मग जमिनीवर बसलेल्या मुलाचें डोकें कां तापतें? शेकोटीपुढें बसलें असतां पाठीला गार वारा लागत असूनही तोंड भाजतें, तें ज्या कारणानें, त्याच कारणानें. तापलेला प्रत्येक पदार्थ किरणांच्या रूपानें उष्णता बाहेर टाकतो. त्या किरणांना वर काय व खालीं काय, सर्व दिशा सारख्या. तापलेली स्लॅब म्हणजे डोक्यावर टांगलेली मोठी शेकोटीच होय. पंखा हवेला हलवितो, किरणांना हलवूं शकत नाहीं. उलट छताचा पंखा वर सांचलेली उष्ण हवा खालीं आणतो. म्हणूनच "पंखा चालू आहे तरी वारा गरम लागतो" अशी तक्रार माडीवर राहणारे करतात.

हें सारें ऐकून आमच्या विद्यार्थ्यानें विचारलें, "पण सर, आमच्या घराचें कारण हेंच आहे, हें कशावरून?" प्रश्न योग्य होता. आम्हीं त्यास प्रयोगशाळेंतले दोन उष्णतामापक दिले व पुढील रीत सांगितली. प्रत्येक घरीं ती करून पाहतां येईल.

दोन्ही उष्णतामापक प्रथम एकाच जागीं तासभर ठेवून ते सारखेंच मान दाखवितात कीं नाहीं तें पाहावें. फरक असेल तर तो लिहून ठेवावा. मग एक खालीं व एक वर, जमिनीपासून सारख्याच उंचीवर, भिंतीला न टेकवितां व ऊन लागणार नाहीं असा टांगावा. चार दिवस पहाटे सहा, दुपारीं तीन व रात्रीं नऊ वाजतां दोन्हींचें मान लिहावें आणि खिडक्या उघड्या होत्या कीं मिटलेल्या, चूल पेटलेली होती कीं नव्हती, तेंही शेजारीं नोंदावें. वर-खालचा भेद दुपारीं फार असून दिवेलागणीनंतर लवकर कमी होत असेल तर दोष पातळ छपराचा. दुपारपेक्षां रात्रीं नऊचा भेद मोठा असेल तर दोष तापलेल्या स्लॅबचा. फक्त सायंकाळीं एकाच खोलींत ताप वाढत असेल तर पश्चिमेच्या भिंतीकडे व खिडकीकडे पाहावें. स्वयंपाकाच्या वेळींच वाढत असेल तर मात्र खरोखर उष्ण हवा जिन्यानें वर चढत आहे. आणि चारही वेळां पहाटेचा भेदही मोठाच राहत असेल तर माडीला रात्रीं वारा मिळत नाहीं, असें समजावें.

चार दिवसांनीं तो वही घेऊन आला. सर्वांत मोठा भेद रात्रीं नऊचा होता. छताला हात लावून पाहिलें तेव्हां तें भिंतीपेक्षां स्पष्ट ऊन लागत होतें. निदान झालें.

उपायांचा क्रम असा. उष्णता घरांत येऊंच न देणें हा पहिला. आलेली बाहेर घालविणें हा दुसरा. आणि उरलेली सोसण्यासाठीं पंखा किंवा यंत्र हा शेवटचा. आपण बहुधा शेवटल्यापासून आरंभ करतों, आणि म्हणून पैसा जातो व ताप राहतो.

गच्ची शेवाळानें व धुळीनें काळवंडलेली होती. काळा रंग उन्हाचा फार मोठा भाग गिळतो. ताजा पांढरा चुना पाऊण भागाच्या आसपास ऊन परत पाठवितो. बापलेकांनीं गच्ची घासून धुतली व सरस मिसळलेल्या चुन्याचे दोन हात दिले. चुना पावसानें व पायांनीं झिजतो, म्हणून हें काम दरवर्षीं उन्हाळ्याच्या तोंडीं करावें लागतें. चुना डोळ्यांत गेल्यास फार इजा होते. डोळ्यांस चष्मा व हातांस मोजे घालावेत. मुलांनीं वडील माणसांवांचून छपरावर चढूं नये, आणि पत्र्यावर तर मुळींच चढूं नये. सिमेंटचे पत्रे पायाखालीं अवचित मोडतात. ज्यांच्या घरीं पत्रा आहे त्यांनीं त्याच्या खालीं वीत-दीड वीत जागा सोडून तक्तपोशी करावी आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांस झरोके ठेवावेत. तक्तपोशी बांबूच्या तट्ट्यांची केल्यास ती चुलीपासून व विजेच्या तारांपासून दूर असावी. स्लॅबवर मातीचे ढीग घालण्यापूर्वीं जाणत्या बांधकामगाराला विचारावें, कारण छपराच्या वजन सोसण्याला मर्यादा असते.

दुसरा उपाय दारांखिडक्यांचा, आणि त्याला पैसा लागत नाहीं. सकाळीं बाहेरची हवा तापूं लागली कीं माडीच्या खिडक्या मिटाव्यात व उन्हाच्या बाजूस बाहेरून तरटाचा किंवा वाळ्याचा पडदा सोडावा. सूर्य मावळून बाहेरची हवा आंतल्यापेक्षां गार झाली म्हणजे माडीच्या व तळमजल्याच्या खिडक्या आणि जिन्याचें दार सताड उघडावें. आतां घराला थंड देशांतल्याप्रमाणें धुराडें बनूं द्यावयाचें. रात्रभर खालून गार हवा शिरते व वरून तापलेली निघून जाते. तेथें जें वरचें तोंड बुजविणें हा उपाय, तेंच येथें रात्रीं उघडणें हा उपाय! स्वयंपाकाच्या वेळीं मात्र जिन्याचें दार लावून घ्यावें.

या सर्वांचा परिणाम काय झाला? वर-खालचा भेद नाहींसा झाला नाहीं. तो होणारही नव्हता, कारण माडीच्या डोक्यावर सूर्य होताच. परंतु वहींतले रात्रींचे आंकडे उतरले, आणि दिवे लागल्यावर तो मुलगा माडीवर बसूं लागला. दुपारीं तो शाळेच्या वाचनालयांत येई. यंत्रासाठीं कर्ज काढावें लागलें नाहीं. पुढें कधीं तें घेतलेंच, तर पांढऱ्या छपराखालीं लहान यंत्रानेंही भागेल. आजीची खाट माजघरांतच राहिली, याचें आम्हांस सर्वांत समाधान वाटतें. वृद्ध, तान्हीं मुलें व आजारी माणसें यांच्या शरीराला उष्णतेशीं झगडण्याची शक्ति कमी असते; त्यांना घरांतली सर्वांत गार जागा द्यावी, सोयीची नव्हे. पालकांनीं ही एक गोष्ट तरी विसरूं नये.

कॅनडांतील मित्रालाही आम्हीं उत्तर पाठविलें. माळ्याच्या झांकणाची फट त्यानें बुजविली व वरच्या झडपा थोड्या फिरविल्या. आतां खालीं शाल लागत नाहीं, असें त्यानें कळविलें आहे.

एक विचार मांडून हा लेख पुरा करतों. ज्यांच्या घराला माडी व माजघर दोन्ही आहेत त्यांना निदान निवड करतां येते. आपल्याच गांवांत अशीं पुष्कळ घरें आहेत कीं, जेथें एकच खोली व तिच्यावर एकच पत्रा. वर काय व खालीं काय, त्यांना माडीच सर्वकाळ. अहमदाबादेंत २०१० सालच्या मे महिन्यांत उष्णतेच्या लाटेनें फार माणसें दगावलीं, तेव्हां त्या नगरानें २०१३ सालीं उष्णतेशीं लढण्याचा आराखडा तयार केला, आणि पुढें गरिबांच्या वस्तींतील छपरें पांढरीं करण्याचें कामही हातीं घेतलें. एवढें मोठें काम शाळेच्या हातून होणार नाहीं. पण आपल्या शाळेची रोजची प्रार्थना शेजाऱ्याला विसरत नाहीं, तर आपल्या हातांनींही त्याला विसरूं नये. येत्या उन्हाळ्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घराची चार दिवसांची वही करावी. आणि आपल्या आळींत ज्या घरीं म्हातारें माणूस पत्र्याखालीं निजतें, त्या घराचीही एक वही करावी. दोन्ही वह्या घेऊन आमच्याकडे यावें. चुना, कुंचे आणि शिडी धरावयास मोठीं माणसें, यांची व्यवस्था आम्ही करूं.